चार बाटल्यांतले तांदूळ

आमच्या घरमालकीण काकू मीठ कधी कुणाच्या हातातून घेत नाहीत आणि कुणाच्या हातात देतही नाहीत. मिठाची वाटी आधी खाली ठेवायची, मग समोरच्याने ती उचलायची. हातोहात मीठ दिलं की दोघांत भांडण होतं, हे त्यांचं म्हणणं. मी परभणीकडची. आमच्याकडेही हे मानतात, पण आम्ही भांडायला मिठाची वाट बघत बसत नाही. तरी माझं आणि काकूंचं जे एकमेव मोठं भांडण झालं ते मिठावरूनच झालं, याचं काकूंना अजून फार समाधान वाटतं. "मी सांगत हुते," एवढंच त्या म्हणतात.

नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी हिंजवडीत, माझं कॉलेज त्याच्या अलीकडे, म्हणून आम्ही मुळशी तालुक्यातल्या नांदे गावात राहायला आलो. काकूंच्या तीन मजली इमारतीत बारा खोल्या, त्यांत सगळी आमच्यासारखीच बाहेरगावची माणसं. इमारतीच्या मागे काकूंचं उरलेलं भाताचं खाचर आहे. शेजारच्या चांदे गावाच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्या तरी काकू त्या खाचरात दर वर्षी इंद्रायणी भात लावतात आणि पोतंभर तांदूळ भाडेकरूंना वाटतात. कुणाचा गॅस लीक होतोय, कुणाच्या खिडकीतून पाऊस आत येतोय, यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. मला त्या 'म्याडम' म्हणतात, कारण मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

शिकवता शिकवता मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं, तेही चाळिशीच्या तोंडावर. विषय सांगितला की लोक पाहुण्यांना चहा विचारायला आत निघून जातात, म्हणून थोडक्यात सांगते. काही क्षारांच्या अंगातच पाणी बांधलेलं असतं. असा कॅल्शियम नायट्रेट नुसता कोमट केला, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत, की वरून थेंबभर पाणी न घालता तो स्वतःच्याच पाण्यात वितळतो. त्या पाकात सोडियमचा क्षार घातला तर त्यातून वीज बऱ्यापैकी वाहते. पोटॅशियमचा घातला तरी वाहते. आता दोन्ही निम्मेनिम्मे घातले तर वीज दोघांच्या मधली कुठेतरी वाहावी ना? तसं होत नाही. ती दोघांपेक्षाही कमी वाहते. काच बनवताना तिच्यात हे दोन्ही घातले तर हा चमत्कार ठळक दिसतो. पाणी असलेल्या पाकात तो कितपत राहतो, हे मला मोजायचं होतं. कागदावर आलेख काढला की दोन टोकं वर आणि मधे खळगा. त्या खळग्यावर माझा अख्खा प्रबंध उभा होता.

आणि त्या खळग्यावर माझी सहा वर्षंही उभी होती. कॉलेजचे तास, पेपर तपासणं, घरचं सगळं सांभाळून केलेलं काम. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ डिसेंबरअखेर संपत होती. त्याआधी तज्ज्ञांसमोर काम मांडून त्यांची संमती मिळाली नाही, तर नोंदणी रद्द. पुन्हा पहिल्यापासून करायची माझ्यात ताकद नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं.

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "आधी दोन्ही टोकं पक्की करा, मग मधलं." मी अकरा बाटल्या आखल्या. पहिलीत नुसता सोडियम, अकरावीत नुसता पोटॅशियम, मधे पायरीपायरीने बदलत जाणारं प्रमाण. श्रावणात कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टोकाच्या दोन-दोन बाटल्या केल्या आणि त्यांचे आकडे घेतले. ते पुस्तकातल्यापेक्षा जरा जास्तच येत होते. मला वाटलं, आपलं उपकरण चांगलं आहे. माणूस स्वतःबद्दल किती चटकन चांगलं मत करून घेतो!

मग परीक्षा आल्या, दिवाळी आली, निवडणुकीची ड्यूटी लागली. मधल्या सात बाटल्या झाल्या थेट मार्चमध्ये. एप्रिलमध्ये मी सगळे आकडे एका कागदावर मांडले आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिले. खळगा नव्हे, विहीर होती ती! इतका खोल खळगा असल्या पाकात आजवर कुणी दाखवला नसेल, असं सर फोनवर म्हणाले. मोजकं बोलणारे सर चक्क पाच मिनिटं बोलले.

मी दोन किलो पेढे आणले. बाराही खोल्यांत स्वतः फिरून वाटले. काकूंनी पहिला पेढा देवापुढे ठेवला, मग कागद बघायला मागितला. आलेखावरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "खड्डा पडलाय, आन पेढं कशापायी?"

"हाच पाहिजे होता, काकू."

"मिठात खड्डा?"

"मिठाचाच म्हणा ना. क्षार म्हणजे एक प्रकारचं मीठच." हे माझं वाक्य पुढे मला भोवलं.

मे महिन्यात प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता. कपाटं हलवणार, बाटल्या फुटणार, म्हणून मी अकराच्या अकरा बाटल्या भाजीच्या क्रेटमध्ये घालून घरी आणल्या आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीने लावल्या. जूनमध्ये भाच्याच्या लग्नाला परभणीला गेले. जाताना किल्ली काकूंकडे दिली, कारण मुळशीचा पाऊस आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून न विचारता आत येतो.

आठ दिवसांनी परत आले. चहा टाकला, सहज फळीकडे बघितलं. पहिल्या बाटलीत, माझ्या सोडियमच्या शुद्ध, काटेकोर, चार दशांश स्थळांपर्यंत तोललेल्या मिश्रणात, तांदळाचे दाणे तरंगत होते.

मला राग पटकन येतो, आणि आला की तो पायांत उतरतो. मी बाटली घेऊन दोन मजले धडाधडा उतरले. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सहा वर्षांची मेहनत, अडाणीपणा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची सवय, असं बरंच काही. 'अडाणी' हा शब्द मी वापरला, हे मात्र लिहायलाच हवं. त्याची मला आजही लाज वाटते.

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मिठाला पानी सुटलं हुतं, म्याडम. आमी मिठाच्या बरनीत तांदूळ टाकतो, मीठ कोरडं ऱ्हातं. रेशनचं न्हाई टाकलं, इंद्रायनीचं टाकलं."

"अकराच्या अकरा बाटल्या तुम्ही..."

"अकरा कशाला? चारच. ज्या रडत हुत्या त्यांच्यातच टाकलं. बाकीच्या खडखडीत हुत्या."

"कुठल्या चार?"

"कडंच्या. हिकडच्या दोन, तिकडच्या दोन. मधल्या सात एकदम ब्येस."

मी तिथेच ओट्यावर बसले. काकूंना वाटलं मला चक्कर आली. त्या धावत आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. त्या क्षणी पाणी हीच एक गोष्ट मला डोळ्यांसमोर नको होती.

कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी शोषतो. हे मी पंधरा वर्षं अकरावीला शिकवते आहे, फळ्यावर अधोरेखित करून. आणि श्रावणात, प्रयोगशाळेच्या भातखाचरांकडे उघडणाऱ्या खिडकीशेजारी, झाकण उघडं टाकून मी तो निवांत तोलत बसले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझा पाषाण तर कोरडासुद्धा नव्हता! टोकाच्या चार बाटल्यांत पाणी जास्त गेलं. पाणी जास्त, की पाक पातळ. पाक पातळ, की वीज सुरळीत. टोकं वर गेली ती त्यामुळे. मधल्या सात मार्चच्या कोरड्या हवेत झाल्या, त्या खाली राहिल्या. माझी विहीर सोडियम-पोटॅशियमने खणलेलीच नव्हती. ती मुळशीच्या पावसाने खणली होती.

वर आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपवरून नजर न हटवता म्हणाला, "सगळं लाइव्ह गेलंय तुझं. सर खूश, पेढे वाटून झाले. आता कशाला बग शोधतेस?" खोटं कशाला सांगू, हाच विचार मीही जिन्यात करून आले होते. तांदूळ वेचून टाकायचे, बाटल्या धुऊन टाकायच्या. आकडे तर वहीत होतेच, ते थोडेच रडणार होते? कुणाला कळलं असतं? काकूंना कळलं होतं, पण आपल्याला काय कळलंय हे त्यांना कळलेलं नव्हतं. रात्रभर मी कुशी बदलत होते. सकाळी नवराच म्हणाला, "रिलीज थांबव. तू अशीच राहिलीस तर मला झोप मिळायची नाही."

मी आधी खाली गेले. काकूंची माफी मागितली. "अडाणी मी होते, काकू," असं म्हणाले आणि चार बाटल्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. खळगा खोटा निघाला एवढं त्यांना नीट उमगलं, आणि त्या एकदम गंभीर झाल्या.

"मंग त्ये पेढं?"

"चुकून वाटले म्हणायचे."

"असं कसं? एक द्येवापुढं ठिवलाय मी. त्यो काय परत घ्येता येतुया व्हय? आता त्यो खरा तुमालाच करावा लागंल."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या.

सरांकडे जाताना मी तांदळाची बाटली पर्समध्ये घालून नेली. सगळं सांगितलं. सरांनी बाटली उजेडात धरून बघितली. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "इंद्रायणीच ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढला. "टोकं आधी करा, हे मीच सांगितलं होतं. ऋतू बदलतो हे माझ्याही लक्षात आलं नाही. चूक निम्मी माझी आहे." सहा वर्षांत मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं. शेजारच्याच खोलीत क्षारातलं पाणी मोजायचं यंत्र होतं. आम्ही बाटल्यांतलं पाणी मोजलं. काकूंनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं होतं तेच यंत्राने अर्ध्या तासात सांगितलं.

पुन्हा करायचं तर सगळं पुन्हा. पण पावसाळा चालू होता, आणि मुळशीच्या पावसाळ्यात कोरडं असं काही नसतंच. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे माझा क्षार काय टिकणार! ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. मी जिन्यात भेटले की काकू हाताने खाचराकडे दाखवत. "भात आत्ता कुटं निसवलाय, लोंब्या अजून हिरव्या हायेत. पिवळा पडू द्या, मंग वारं फिरतंय. तवर तुमचं मीठ काय वाळत न्हाई." मी फोनवर हवामान बघायची, काकू भात बघायच्या. फोन रोज वेगळं सांगायचा.

दुसरी गोष्ट त्यांनीच सुचवली. "समदं एकाच दिशी करा. पापड एका दिशी लाटल्यालं एका डब्यात भरत्यात. आजचं वलं आन कालचं कोरडं एकत्र भरलं, की समदंच मऊ." सरांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. एक दिवस, एक घाणा, अकरा बाटल्या."

ऑक्टोबरात एका शनिवारी संध्याकाळी काकू खाचरातून आल्या. हातात भाताची पिवळी लोंबी होती. "उद्या करा. मंगळवारी माझी कापनी हाय, त्याच्या आदी करा." रविवारी कॉलेजला सुट्टी, मदतीला कुणी नाही. म्हणून मी त्यांनाच म्हटलं, चला. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या.

तो दिवस मी विसरणार नाही. सोडियम-पोटॅशियमचे क्षार मी शनिवारी रात्रीच जाऊन ओव्हनमध्ये वाळत ठेवले होते. खिडक्या बंद, पंखा बंद, आम्ही दोघी घामाघूम. कॅल्शियमचा पाक एकदाच केला, त्यातलं पाणी मोजून घेतलं, आणि मी तोलून भरेन तसं काकूंनी झाकण घट्ट लावून वर मेणाने बंद करायचं, असं ठरलं. मी पहिली बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केलाच नाही.

"खाली ठिवा."

"काकू, झाकण उघडं आहे, हवा लागतेय!"

"मंग लवकर ठिवा."

अकरा वेळा मी बाटली टेबलावर ठेवली आणि अकरा वेळा काकूंनी ती उचलली. मी चिडत होते, पण एकदाही हातात दिली नाही. इतकं मीठ एका दिवसात हातोहात दिलं असतं, तर आमचं भांडण पुढच्या तीन पिढ्यांना पुरलं असतं. झाकणं मात्र काकूंनी अशी लावली, की पुढे ती उघडायला मला नवऱ्याला कॉलेजात न्यावं लागलं.

पुढचे तीन आठवडे मी फक्त आकडे घेत होते. एकेक बाटली, एकेक तापमान, प्रत्येक आकडा तीनदा. दिवाळीत फराळ केला नाही. काकूंनी चकल्या पाठवल्या. आधी टोकांचे आकडे आले. या वेळी ते पुस्तकाशी जुळले. टोकं खाली आली होती. आता मधे काही उरलंय का, एवढाच प्रश्न होता. पाचवी बाटली मोजली, सहावी मोजली, सातवी मोजली. शेवटचा ठिपका कागदावर मांडला आणि पट्टी लावून बघितली.

खळगा होता. विहीर नव्हे. स्टीलच्या ताटलीला पडलेल्या पोच्याएवढा. पण दोन टोकांना लावलेल्या पट्टीखाली मधल्या ठिपक्यांपाशी फट दिसत होती. तापमान थोडं उतरवलं की तो जरा खोल जात होता, आणि तिन्ही वेळा तो तिथेच होता. सोडियम आणि पोटॅशियम खरोखरच एकमेकांची वाट अडवत होते. पाणी त्यांना फार अडवू देत नव्हतं, इतकंच. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "लहान आहे." मग थांबून म्हणाले, "पण टिकला." मी रिकाम्या प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने रडले आणि मग भूक लागली म्हणून चकल्या खाल्ल्या.

डिसेंबरात तज्ज्ञांसमोर बसले. त्यांचा दुसरा प्रश्न हाच होता, "सगळ्या नमुन्यांत पाणी सारखं होतं, हे कशावरून?" मी पाण्याच्या मोजणीचा तक्ता दाखवला. मग राहवलं नाही म्हणून पर्समधली तांदळाची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि जुना खोटा आलेख, चार रडणाऱ्या बाटल्या, सगळं सांगून टाकलं. सर खाली बघत होते. तज्ज्ञांतल्या एक बाई इतक्या हसल्या, की त्यांना डोळे पुसावे लागले. दुसऱ्या गृहस्थांनी मात्र बाटली हातात घेऊन दाणे मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाले, "प्रबंधात हे लिहा." म्हणजे प्रबंध लिहायला संमती होती!

येताना मी अर्धा किलो पेढे घेतले. खळगा लहान, म्हणून पेढे कमी. काकू ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या, याच वर्षीचे. मी सगळं सांगितलं आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी सूप खाली ठेवलं, पण पुड्याला हात लावला नाही.

"ह्ये नगंत."

"अहो, हे मीठ नाही, पेढे आहेत. हातात घ्या."

"त्ये कळतंय मला. पर पेढं तर उन्हाळ्यातच वाटलं की तुमी. द्येवानं त्ये तवाच घेतलं हुतं, खड्डा खोटा निघाला तवा मी त्याला म्हनलं, म्याडमचं काम अजून व्हायचंय, जरा दम काढ." त्यांनी पदराला हात पुसले. "झालं आता त्ये खरं. एकाच कामाचं दोनदा कशाला?"

ज्या बाईला मी अडाणी म्हणाले होते, तिने माझ्या शब्दासाठी सहा महिने देवाला थांबवून ठेवलं होतं. मी त्यांच्या पाया पडले. मग त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि पुडा सोडून पेढे मी एकटीनेच खाल्ले. काकू तांदूळ पाखडत राहिल्या.